कोणता आवाज?

आमच्या घरात एके काळी ‘कोर्स’ हा शब्द फार जपून वापरला जाई. विलासदादा रोज सकाळच्या बसने बालाघाटहून राजेगावमार्गे गोंदियाला कशाला जातो, असं कोणी विचारलं की आई म्हणायची, “कोर्स करून राह्यला.” विचारणारा समजायचा, कॉम्प्युटरचा. आई तशी खोटं बोलत नव्हती. दादाला क्षय झाला होता, तोही उलटलेला, आणि डॉक्टरांनी गोळ्यांच्या जोडीला दोन महिने रोज एक सुई लिहून दिली होती. त्यालाही कोर्सच म्हणत. बालाघाटात सुई घेतली असती तर चार दिवसांत सगळ्या गल्लीला कळलं असतं, म्हणून मध्य प्रदेशाच्या सीमेपलीकडचा, महाराष्ट्रातला कंपाउंडर. आणि बाबांनी त्याचं नाव गोंदियातल्याच एका कॉम्प्युटर क्लासमध्येही घातलं, म्हणजे कोणी खोदून विचारलं तर दाखवायला वही हवी. आधी सुई, मग क्लास, मग परतीची बस. असा माझा थोरला भाऊ एकाच तिकिटात बराही झाला आणि कंपोजिंगही शिकला. आई याला देवाची कृपा म्हणायची, आणि बरेच दिवस आम्हीही तसंच म्हणत होतो.

घर आमचं राईस मिलच्या पाठीला पाठ लावून होतं. हंगामात मिल दिवसभर धडधडायची आणि तिचा कोंडा आमच्या घरात यायचा, वाळत घातलेल्या लुगड्यांवर, पापडांवर, बाबांच्या चष्म्यावर, पाण्याच्या माठावरच्या झाकणीवर. आई दिवसातून तीनदा झाडायची आणि तिन्ही वेळा मिलवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. मात्र चिन्नोरचा तांदूळ भरडला जात असला की तिचा राग निवायचा. तो वास भिंत ओलांडून यायचा आणि आमच्या चुलीवर साधाच भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण असलं तरी पंगतीला बसल्यासारखं वाटायचं. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून. ऑफिसात हिंदी, घरात मराठी, आणि रेडिओ लागला की कुठलीच भाषा नाही. आम्ही भावंडं भांडायचो हिंदीत आणि मार खायचो मराठीत. मी दादापेक्षा सात वर्षांनी धाकटी, तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि गणितात बरी असल्यामुळे घरातला फ्यूज बदलण्यापासून शिलाई मशीनच्या वादीपर्यंत सगळं माझ्याकडे आलं होतं.

कॉम्प्युटर समोरच्या खोलीत होता. नागपूरच्या कुठल्याशा ऑफिसाने काढून टाकलेला, पिवळा पडलेला, आणि पुढच्या पट्टीवर कोणीतरी पेनाने ‘हाथ न लगाएँ’ लिहिलेलं. गोंदियाच्या एका मेकॅनिकने तो आणून बसवून दिला होता. दादा त्याच्यावर लग्नपत्रिका जुळवायचा, सत्यनारायणाची निमंत्रणं, तेरवीचे कागद. बटर पेपरवर छापून काढायचा आणि प्रेसवाला ते घेऊन जायचा. त्याची अक्षरं सुरेख बसायची. हिंदी पत्रिकेत ‘शुभ विवाह’ आणि मराठीत ‘शुभविवाह’, ही एवढीशी जागा तो कधी चुकला नाही. गिऱ्हाइकांना तो आवडायचा, कारण तो वाद घालत नसे. आमच्याकडे ‘हो’ला ‘हौ’ म्हणतात, आणि दादाचा हौ फार गोड होता. मान किंचित तिरकी करून, हसून, “हौ.” मजकूर मोठा करा, हौ. गणपती डावीकडे घ्या, हौ. मग गिऱ्हाईक गेलं की तो मला विचारायचा, “काय म्हणे तो? लिहून ठेव.” मला वाटायचं, विसरभोळा झाला आहे.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी कॉम्प्युटरचा तो डबा ओरडायला लागला. आधी चालू केल्या-केल्या घरघर करून गप्प बसायचा. मग घरघर गेली आणि किंचाळी आली, बारीक आणि उंच, न थांबणारी. बाबांनी रेडिओ मोठा केला. आईने स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, “वहिनी, घरात चक्की टाकली काय?” आणि या सगळ्यात दादा त्या डब्यापासून दोन हातांवर बसून शांतपणे कोणाच्या तरी मामा-मामींची नावं एका ओळीत बसवत होता. काय ही एकाग्रता, असं मला वाटायचं. माझ्या भावाचा मला अभिमान वाटायचा. हे लिहितानासुद्धा मला माझी लाज वाटते आहे.

शेवटी मी एसटीडीच्या बूथवर जाऊन गोंदियाच्या मेकॅनिकला फोन लावला. तो मोठा मजेशीर माणूस होता. म्हणाला, “बेटा, आवाज कैसा है? घर्र का सूंऽऽ? करून दाखव.” मागे चार माणसं रांगेत उभी असताना मी बूथच्या काचेत तोंड घालून तो आवाज काढला. रांग हसली. “जोरात फिरून राह्यला,” तो म्हणाला. “पण डब्यात पंखे दोन असतात, एक मांगचा, एक मधातला. कोणता वाजते ते पाह्य पहिले. लाकडाचं काही कानाले लाव, दुसरं टोक डब्ब्याले लाव. लाकूड खोटं बोलत नाही.”

लाकडाचं म्हणजे घरात लाटणं होतं. आईची नजर चुकवून ते आणलं, एक टोक कानाशी आणि दुसरं पत्र्याला लावून, डोळे मिटून बसले. मागचा पंखा नुसता घोरत होता. किंचाळत होता तो मधला. मी खूष झाले. तेवढ्यात दादाने खांद्याला हात लावला.

“छाया, काय करून राह्यली?”

“आवाज ऐकून राह्यली.”

“कोणता आवाज?”

मला वाटलं, चेष्टा करतो आहे. “हा काय! कानाचे पडदे फाटून राह्यले.” तो माझ्या ओठांकडे पाहत होता. मग त्याने डब्यावर तळवा ठेवला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. “थरथरून तं राह्यला,” तो म्हणाला. “वाजते बी काय?”

पंखा आमच्या दोघांमध्ये ओरडत राहिला. दादाने हात काढून घेतला. “लय जोरात वाजते?” मी मान हलवली. “कवापासून?” मी एक बोट दाखवलं, एक महिना. तो खुर्चीत बसला. मग हळूहळू त्याने सांगितलं. सुयांच्या दुसऱ्या महिन्यात त्याचे कान वाजायला लागले होते. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, कान वाजले तर लगेच सांग, सुई थांबवू.

“मंग सांगतलं काहून नाही?”

हे त्याने माझ्या तोंडावरून बरोबर ओळखलं. “सुई बंद केली असती त्यायनं. पहिल्या बारी कोर्स अर्धा सोडला म्हणून तं बिमारी उलटली. यावेळी पुरा करायचा होता मले.” मग म्हणाला, “बाबांचा आवाज येते थोडा. माणसायचा जाडा आवाज येते, बायायचा बारीक नाही. तुझा नाही येत, छाया. तुझं तोंड पाह्यतो मी.”

माझा आवाज त्याने शेवटचा कधी ऐकला, हे मी पुढे कितीतरी वर्षं आठवून पाहिलं. आठवत नाही. काहीतरी फालतूच बोलले असेन, चहा झाला म्हणून किंवा बस लागली म्हणून.

मी धावत स्वयंपाकघरात गेले. आई सुपात तांदूळ पाखडत होती. मी सांगितलं, ती पाखडतच राहिली. “मले मालूम आहे,” ती म्हणाली. “दिवाळीपासून. मांगून आवाज देतो तं पाह्यत नाही.” तेव्हा माझ्या लक्षात आलं की गेले कित्येक महिने ती त्याला जेवायला हाक मारतच नव्हती, जाऊन सदरा ओढत होती. मी रडायला लागले तर तिने सूप खाली ठेवलं. “रडू नको. लांजीचे पाव्हणे इतवारी येऊन राह्यले.”

लांजीची मुलगी ललिता. आमच्याकडची मंडळी तिला पाहून आली होती, आता तिचे वडील आणि मामा आमचं घर पाहायला येणार होते. वडील गरीब माणूस, ठरवणारा मामा. आणि मामाने निरोप पाठवला होता की पोराचं काम डोळ्यांनी पाहायचं आहे, आमची पत्रिका त्याच्याच हातून आमच्यासमोर जुळवून घेऊ.

“डबा चालू ठेवाच लागन,” आई म्हणाली. “अन् एवढा कल्ला होऊन राह्यला अन् पोरगा शांत बसला, हे पाह्यलं का मामाले समजायले वेळ लागते काय?”

“आई, त्यायले सांगून टाकू ना.”

“काय सांगू? कान गेले म्हणून सांगू? मंग कायनं गेले ते सांगू? एक सांगतलं का दुसरं निंगते.” तिने पदराने माझं नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं. “त्याचे कान तं आता दुरुस्त होत नाहीत. पंखा होते. तू पंखा कर.”

मी पंखा केला. हे वाक्य इतक्या वर्षांत मी कोणाला म्हटलेलं नाही. त्या चार दिवसांत मी त्या डब्याशी इतकी झटले की परीक्षेशी कधी झटले नाही. झाकण काढलं तर आत कोंड्याचा थर, जाडजूड, बोटाने सोलून काढता येईल असा. बाबांच्या दाढीच्या ब्रशाने तो सगळा काढला. पंखा एक तासभर गप्प राहिला आणि पुन्हा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी पंख्याच्या मध्यावर चिकटवलेला कागद उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडला. खरखर गेली, पण वेग तोच, सूंऽऽ तोच. बूथवर गेले. मेकॅनिक म्हणाला, “पंख्याले काहून मारून राह्यली? त्याची काही गलती नाही. आत गरम होऊन राह्यलं म्हणून तो धावून राह्यला. गरमी पाह्य.” त्याने विचारून विचारून माझ्याकडून काढून घेतलं की पंख्याखालचा अॅल्युमिनियमचा ठोकळा एका बाजूने हलतो आहे. त्याची क्लिप तुटली होती. ठोकळा खालच्या चिपला नीट टेकतच नव्हता, आणि दोघांच्या मधली, गरमी ओढून घेणारी पेस्ट वाळून पावडर झाली असणार, असं तो म्हणाला.

शुक्रवारी गोंदियाला गेले. त्याने पेस्टची नळी दिली आणि सांगितलं, “जुनी पुरी पुस. नवी लाव तांदळाच्या दाण्याएवढी. जादा नको.” पुसायला स्पिरिट लागेल म्हणाला. स्पिरिट आमच्या घरी होतं. देवघराच्या खालच्या फळीवर, सुयांच्या दिवसांतली अर्धी बाटली आणि कापसाचं बंडल, आईने जपून ठेवलेलं. त्या कापसाने मी चिप पुसली. वासाने दादा दारात येऊन थबकला आणि परत गेला. चिन्नोरच्या दाण्याएवढी पेस्ट लावली, ठोकळा दाबून बसवला, तुटलेल्या क्लिपच्या जागी तांब्याची तार पिळून घट्ट केली. बटण दाबलं. पंखा फिरला, आणि त्याचा आवाज आला तो फक्त वाऱ्याचा.

बाबांनी रेडिओ बारीक केला. आई दारात येऊन उभी राहिली आणि तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. ती सहसा असं करत नसे. दादाने डब्यावर तळवा ठेवला. “बंद पडला काय?” त्याने विचारलं. मी पडद्याकडे बोट दाखवलं. त्याने पुन्हा हात ठेवला, थोडा दाबून. “काहीच लागत नाही हाताले,” तो म्हणाला. त्या थरथरण्यावरून त्याला कळत असे की यंत्र चालू आहे, अडकलेलं नाही. ते मी काढून घेतलं होतं. आमच्यापैकी कोणाच्या हे ध्यानातही आलं नव्हतं.

रविवारी पाहुणे आले. आईने वडे केले होते, कढी, चिन्नोरचा भात. मामा भरदार अंगाचा, मोकळा, मोठ्या आवाजाचा माणूस होता, त्यामुळे दादाला त्याचं बरंचसं कळत होतं. उरलेलं मी दादाच्या समोर बसून, कौतुकाने बोलल्यासारखं करत, तोंडाने पुन्हा म्हणत होते. तशी आमची तालीम झाली होती. दादाने पत्रिका जुळवायला घेतली. ‘चि. सौ. कां. ललिता’ ही अक्षरं पडद्यावर उमटली तेव्हा तिचे वडील, जे तोवर एक शब्द बोलले नव्हते, पुढे झुकून पाहायला लागले आणि त्यांचे डोळे भरून आले. खोलीत एवढी शांतता होती की मिलमधल्या हमालांचं बोलणं ऐकू येत होतं.

मामा दादाच्या मागे उभा होता. पडद्याकडे पाहत पाहतच त्याने सहज विचारलं, “अन् विलासजी, काही बिमारी-उमारी तं नाही ना झाली तुमाले कधी?”

दादाला मामाचं तोंड दिसत नव्हतं. कोणीतरी काहीतरी विचारतंय, एवढंच त्याला जाणवलं असावं. त्याने मान तिरकी केली, हसला आणि म्हणाला, “हौ.”

मामा म्हणाला, “हौ म्हणजे?” मी डब्याच्या पलीकडे, दादाच्या समोर होते. माझ्या तोंडाकडे पाहून तो वाट पाहत होता. मला फक्त प्रश्न पुन्हा म्हणायचा होता, म्हणजे त्याने उत्तर दिलं असतं. काय दिलं असतं ते मला आजही माहीत नाही. पण तो समोरासमोर खोटं बोलणारा माणूस नव्हता. मी ओठ हलवले नाहीत.

“हौ म्हणजे नाहीच झाली!” आई आतून वड्यांचं ताट घेऊन येत म्हणाली. “आमच्या इकडे हौ म्हणतात, नाही बी हौच.” मामा खो खो हसला, बाबा हसले, ललिताचे वडील हसले. सगळे हसताहेत म्हणून दादाही हसला.

लग्न झालं. ललितावहिनी बुटकी, सावळी आणि कामाला विजेसारखी. पहिल्या आठ दिवसांतच तिला कळलं, बायकोला कळायचंच. तिने आकांडतांडव केलं नाही. तिने आधी आपली बसायची जागा बदलली, त्याच्या समोर बसायला लागली. त्याच्याशी बोलताना पदर तोंडावरून बाजूला घ्यायची, आणि आईला ते निर्लज्जपणाचं वाटायचं. दोघं हसायची. मी मनात म्हणाले, झालं, पचलं. पापं पचतात असं त्या वयात वाटतं.

मग एका दुपारी दादानेच कौतुकाने तिला सांगितलं की माझ्या बहिणीसारखी मेकॅनिक नाही, डबा एवढा ओरडत होता म्हणे, तुमचे लोक यायच्या दोन दिवस आधी हिने चूप केला. बिचाऱ्याला वाटलं, बायकोपुढे बहिणीची तारीफ करतो आहे. वहिनी माझ्याकडे आली. मी भांडी घासत होते. “पंखा माह्या मामासाठी दुरुस्त केलता काय तुमी?” तिने विचारलं. मी मान खाली घातली. “अन् कान कायनं गेले त्यायचे?” तेही मी सांगितलं. तिने माझ्या हातातलं पातेलं घेतलं, विसळून पालथं घातलं आणि आत निघून गेली. आपल्यापासून काय लपवलं यापेक्षा किती नीट बसून, अवजारं घेऊन लपवलं, हे तिला लागलं असावं.

राखीला तिचा भाऊ न्यायला आला. दादाला वाटलं, चार दिवसांसाठी चालली. आम्हाला पेटीवरून कळलं, तिने सगळं भरलं होतं. त्याने सकाळी तिला डोळे भरून पाहून घेतलं होतं आणि आता कोणाचं तरी निकडीचं काम घेऊन दाराकडे पाठ करून बसला होता. वहिनी उंबऱ्यापाशी थांबली. त्याच्या पाठीकडे पाहून ती एक वाक्य बोलली, हळू नाही, चांगलं स्पष्ट. तो अक्षरं बसवत राहिला. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होते, खांद्याला बोट लावलं असतं तरी पुरलं असतं. आईने माझं मनगट धरलं होतं. पण आईची पकड काही एवढी घट्ट नव्हती. वहिनी गेली ती परत आली नाही. पुढच्या वर्षी तिकडून वकिलाचा कागद आला.

त्या दिवशी काम संपल्यावर दादाने वळून पाहिलं आणि विचारलं, “गेली काय? काही बोलली काय जाता जाता?” मी म्हणाले, “पोहोचल्यावर चिठ्ठी टाकतो म्हणे.” मला वाटलं, बरं वाटेल त्याला. त्यानंतर दिवाळीपर्यंत तो रोज पोस्टमनच्या वेळेला दारात खुर्ची टाकून बसला, कारण सायकलची घंटी त्याला ऐकू येत नसे.

आता आई नाही, बाबा नाहीत. मिलच्या जागी लग्नाचं लॉन झालं आहे. दादाने पुन्हा लग्न केलं नाही. तो अजून त्याच खोलीत कंपोजिंग करतो, तिसरा की चौथा कॉम्प्युटर आहे, त्यांचे पंखे मला उघडावे लागले नाहीत. या आठवणी मी लिहून नागपूरहून पाठवते आणि तो त्यांची पानं लावतो. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. म्हणजे हेही पान तूच लावशील, दादा. चिठ्ठीचं मी माझ्या मनाने रचलं होतं. जुळवताना तू माझी वाक्यं सुधारतोस ते मला माहीत आहे, मी कधी काही म्हटलं नाही. हे एक मात्र सुधारू नकोस, ते माझं नाही. उंबऱ्यात उभी राहून ती तुला म्हणाली होती, “मले पहिलेच सांगतलं असतं, तरी मी आली असती.”